काबो देलगादोचा संघर्ष मोजायचा कसा? आकडे, नकाशे आणि त्यातले खड्डे

नकाशेवाला

आफ्रिकेतल्या सशस्त्र संघर्षांचा मागोवा घ्यायचा म्हटलं की बहुतेक जण थेट साहेलकडे (सहारा वाळवंटाच्या दक्षिणेचा, मालीसारख्या देशांचा पट्टा) वळतात आणि पहिल्याच आठवड्यात डझनभर गटांच्या नावांत हरवतात. शिकायला मोझांबिकचा काबो देलगादो प्रांत बरा. क्षेत्रफळ ८२ हजार चौ. किमीच्या आसपास, म्हणजे महाराष्ट्राच्या पाव भागाहून किंचित मोठं. २०१७ च्या जनगणनेत लोकसंख्या साधारण २३ लाख. बंडखोर गट मुख्यतः एकच, इस्लामिक स्टेटशी जोडलेला. सुरुवातीची तारीखही पक्की आहे: ५ ऑक्टोबर २०१७, मोसिंबोआ दा प्रायातल्या पोलीस ठाण्यांवर हल्ला.

घटनांचा डेटा दोन ठिकाणी मिळतो. ॲक्लेड या जगभरच्या संघर्षांतल्या घटना नोंदवणाऱ्या संस्थेचा आफ्रिकेचा संच १९९७ पासूनचा आहे आणि दर आठवड्याला वाढतो. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या यूसीडीपी या संघर्ष-डेटा प्रकल्पाचा घटनासंच १९८९ पासून आहे, त्याची कच्ची आवृत्ती दर महिन्याला येते. ॲक्लेडला नोंदणी करून खातं उघडावं लागतं आणि खात्याच्या प्रकारावर किती बारीक डेटा मिळणार ते ठरतं.

डाउनलोड करताना एकटा काबो देलगादो घेऊ नका, शेजारचे नांपुला आणि नियासाही घ्या. २०२२ च्या सप्टेंबरात हल्ले लुरियो नदी ओलांडून नांपुलाच्या मेंबा जिल्ह्यापर्यंत गेले होते. प्रांताच्या सीमेवर गाळणी लावली तर हा सगळा प्रकार यादीबाहेर राहतो.

फाइल एक्सेलमध्ये डबल-क्लिक करून उघडायची नाही. पोर्तुगीज नावांतली स्वरचिन्हं बिघडतात आणि दिवस-महिन्यांची अदलाबदल होते. डेटा टॅबमधून मजकूर फाइल म्हणून आयात करा, एन्कोडिंग ६५००१ म्हणजे यूटीएफ-८ निवडा, तारखेचा रकाना आधी मजकूर म्हणून घ्या आणि मग बदला. फाइलच्या नावात उतरवल्याची तारीख हवीच. का, ते खाली कुणीतरी विचारेलच.

कोकणकडा

विचारतोच. तारीख कशाला? आणि दोन्ही संचांत एकाच वर्षाचे मृतांचे आकडे जुळत नाहीत. खरा कुठला धरायचा?

पाटीपेन्सिल

दोन्ही खरे आहेत, पण दोघं वेगवेगळ्या गोष्टी मोजतात.

यूसीडीपीत घटना घ्यायची तर किमान एक मृत्यू लागतो, आणि त्या दोन पक्षांमधल्या झगड्यात कॅलेंडर वर्षात किमान २५ मृत्यू व्हावे लागतात. ॲक्लेडला मृत्यूची अट नाही. गावात शिरले, धान्य लुटलं, चार पोरं पळवून नेली, कुणी मेलं नाही, तरी ॲक्लेडमध्ये ओळ होते. काबो देलगादोत अशा ओळी भरपूर. बंडखोरांची रसद कुठून चालते हे समजायचं असेल तर त्याच महत्त्वाच्या, आणि यूसीडीपीत त्या सापडणारच नाहीत.

उलट मृतांच्या आकड्यासाठी यूसीडीपी बरा, कारण तो किमान, कमाल आणि सर्वोत्तम असे तीन अंदाज देतो. ॲक्लेडच्या रकान्यात एकच आकडा असतो. बातम्यांत फरक असेल तर साधारणपणे कमीतला घेतात. बातमीत नुसतं 'अनेक ठार' असेल तर युद्धग्रस्त भागात १० आणि इतरत्र ३ लिहायचा नियम आहे. त्यामुळे फाइलमध्ये १० या आकड्याची गर्दी दिसली तर तो योगायोग नव्हे. प्रत्येक १० ची टिपण रकान्यातली मूळ नोंद वाचा. बेरजेत असे बरेच १० आले असतील तर शेवटच्या एककापर्यंत नेमकी बेरीज छापण्यात काही अर्थ नाही.

तारखेचं म्हणाल तर, ॲक्लेड जुन्या ओळीही बदलतो. नवी माहिती आली की मृतांचा आकडा, गाव, कर्ता, काहीही सुधारलं जातं, एखादी ओळ काढलीही जाते. मार्चमध्ये काढलेला आलेख जूनच्या फाइलवर तसाच येत नाही. दोन फाइली घटनेच्या आयडीवर जोडायच्या आणि तीन याद्या काढायच्या: नव्या, बदललेल्या, गायब झालेल्या. शेवटचे चार आठवडे आलेखात फिक्या रंगात दाखवा, ते अजून भरायचे असतात. 'या महिन्यात हिंसाचार घटला' अशा मथळ्यांचा उगम पुष्कळदा त्या अर्धवट भरलेल्या चार आठवड्यांत असतो.

नकाशेवाला

यात एकच भर. ॲक्लेडची एक ओळ म्हणजे एक दिवस, एक ठिकाण, एकमेकांसमोरचे तेच पक्ष. १० मे २०२४ ला पहाटे बंडखोर मकोमिया शहरात शिरले, लष्कराशी चकमक झाली, दुकानं आणि गोदामं लुटली गेली, आणि प्रकरण दुसऱ्या दिवसापर्यंत चाललं. वर्तमानपत्राच्या लेखी तो एक हल्ला, इथे मात्र निदान दोन दिवसांच्या वेगळ्या ओळी होणार. दुसरीकडे, गस्तीवर झालेला पाच मिनिटांचा गोळीबारही एक ओळच. म्हणून घटनांची संख्या वाढली म्हणजे तीव्रता वाढली असं समजू नये.

गावठी पायथन

कर्त्यांच्या (घटनेत कुठला गट किंवा सैन्य होतं त्या रकान्याच्या) गाळणीतल्या तीन ठेचा, सगळेच खातात:

पहिली नावाची. स्थानिक लोक या गटाला 'अल-शबाब' म्हणतात. त्या शब्दाने शोध घेतला तर अख्खा सोमालिया पानावर येतो. तिथला गट वेगळा, हा वेगळा. शिवाय इस्लामिक स्टेटच्या दाव्यांत मे २०२२ पर्यंत मोझांबिक आणि पूर्व काँगो दोन्ही 'मध्य आफ्रिका प्रांत' या एकाच नावाखाली यायचे. मोझांबिक वेगळा प्रांत झाला त्यानंतर. जुने दावे वाचताना जागेचं नाव तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दुसरी सैन्याची. जुलै २०२१ मध्ये रवांडाचं सैन्य आलं, त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकी विकास समुदायाचं पथकही आलं (ते २०२४ च्या जुलैपर्यंत परतलं). ॲक्लेडमध्ये स्वतःच्या देशाबाहेर लढणारं सैन्य 'सरकारी दल' या प्रकारात बसत नाही, 'बाह्य किंवा इतर दल' म्हणून जातं. तुम्ही 'सरकार विरुद्ध बंडखोर' एवढीच गाळणी लावली तर २०२१ च्या मध्यापासून लढाया अचानक कमी झालेल्या दिसतात. खरं तर ८ ऑगस्ट २०२१ ला मोसिंबोआ दा प्राया परत घेतलं ते याच काळात.

तिसरी 'अज्ञात सशस्त्र गट'. ही नोंद गाळायची नाही आणि बंडखोरांच्या खात्यात ढकलायचीही नाही. वेगळा रंग द्या. दुर्गम भागात हल्लेखोर कोण हे सांगायला कुणी मागे उरलेलं नसतं. एखाद्या जिल्ह्यात अज्ञातांचं प्रमाण वाढलं तर ती बातमी आहे: एक तर दरोडेखोरी वाढलीय, नाहीतर तिथल्या वार्ताहरांची साखळी तुटलीय.

आणि प्रत्येक कोयता बंडखोरांचा नसतो. प्रांताच्या दक्षिणेकडच्या शिउरे भागात आणि शेजारच्या नांपुलात कॉलराच्या अफवांवरून आरोग्य कर्मचाऱ्यांवर आणि गावप्रमुखांवर हल्ले झालेत. ऑक्टोबर २०२४ च्या निवडणुकीनंतर देशभर आंदोलनं पेटली, तेव्हा मोझांबिकच्या घटनांचा आलेख आकाशाला भिडला. बालामाची ग्राफाइट खाण त्या डिसेंबरात ठप्प झाली ती स्थानिकांच्या आंदोलनामुळे. घटनेचा प्रकार न बघता सगळं एकत्र मोजलं तर २०२४ ची अखेर बंडखोरांचा सुवर्णकाळ वाटेल.

तिरकस

चांगलं चाललंय. पण एवढं सगळं घरी बसून चाळायचं, आणि पेंबात, म्हणजे प्रांताच्या राजधानीत, बसलेल्या बातमीदारालाच जर मकोमियाच्या किनाऱ्यावरच्या मुकोजोत काय झालं ते चार दिवसांनी कळत असेल, तर या नकाशांना अर्थ काय? लाल ठिपके म्हणजे जिथे मोबाइलचा टॉवर आहे ते गाव.

पाटीपेन्सिल

तिरकसराव, टोमणा बरोबर जागी बसलाय, मी तर म्हणेन धाग्याचा मुख्य मुद्दाच हा. घटनासंच हिंसाचार मोजत नाहीत, हिंसाचाराची बातमी मोजतात. त्यामुळे प्रत्येक आकड्याबरोबर बातमी पोचायच्या वाटेची अवस्थाही नोंदवावी लागते.

मार्च २०२१ मध्ये पाल्मावर हल्ला झाला तेव्हा शहराचा संपर्क तुटला होता. सरकारकडून सुरुवातीला मृतांचा आकडा आला तो काही डझनांचा. पुढे एका पत्रकाराने घरोघर पाहणी करवली तेव्हा मृत आणि बेपत्ता मिळून हजाराच्या वर गेले. त्या आठवड्याचा डेटा ताजा असताना कुणी वाचला असता तर त्याला ते इतर हल्ल्यांसारखंच एक प्रकरण वाटलं असतं.

पत्रकारांचं तर विचारूच नका. पाल्माच्या सामुदायिक रेडिओचे इब्राइमो म्बारूको ७ एप्रिल २०२० पासून बेपत्ता आहेत. अशा जिल्ह्यात पुढच्या महिन्यांत घटनांची संख्या घटली तर शांतता नांदली म्हणायचं का?

उपाय म्हणून शीटमध्ये तीन रकाने स्वतःचे जोडा. एक, घटना आणि पहिली बातमी यांत किती दिवसांचं अंतर. दोन, मूळ स्रोत किती. लुसा या पोर्तुगीज वृत्तसंस्थेची एकच बातमी पाच संकेतस्थळांनी उचलली तर स्रोत एकच, पाच नव्हे. तीन, त्या आठवड्यात जिल्ह्यात संपर्क चालू होता का. या तिन्हीची जिल्हावार सरासरी काढली की कुठला ठिपका किती भरवशाचा हे कळतं. जिथे अंतर सात दिवसांच्या वर आणि स्रोत एकच, तिथल्या शून्याला 'माहिती नाही' असं लिहायचं.

इस्लामिक स्टेटचे दावे हा वेगळा स्रोत खरा, पण सैनिकांचे मृत्यू फुगवून आणि उशिरा येतात. ही भारतात यूएपीएखाली बंदी असलेली संघटना आहे. त्यांची प्रचारपत्रकं, फोटो, चित्रफिती उतरवून साठवू नका, पुढे पाठवू नका. संशोधकांनी दिलेला गोषवारा पुरतो.

दूरसंवेदी

उपग्रहाचं काम मी सांगते. टॉवर नसला तरी आग दिसते, म्हणून जाळपोळीला याचा उपयोग आहे. मात्र भोळेपणाने वापरलात तर फसाल.

नासाच्या फर्म्स या संकेतस्थळावरून आगीचे ठिपके फुकट मिळतात. ते टिपणारी उपग्रहांवरची उपकरणं दोन: मोडिसचा ठिपका १ किमीचा, व्हियर्सचा ३७५ मीटरचा. व्हियर्सच घ्या. वेळ यूटीसीत असते, मोझांबिकसाठी दोन तास मिळवा. अडचण हंगामाची: ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये शेतं साफ करायला सगळीकडे रान पेटवतात, प्रांतभर हजारो ठिपके उठतात. त्या महिन्यांत एकटा ठिपका काहीही सिद्ध करत नाही. मग गाळणी अशी: वस्तीच्या हद्दीपासून ५०० मीटरच्या आत, रात्रीची नोंद, विश्वासार्हता मध्यम किंवा जास्त, आणि त्याच वस्तीत मागच्या तीन वर्षांत त्याच पंधरवड्यात आग नाही. एवढ्यातून जे उरतं ते पंधरा-वीस मिनिटं देऊन बघण्यासारखं असतं. उलट बाजूही लक्षात ठेवा. माकुटीची, म्हणजे नारळाच्या झावळ्यांची शाकारणी भराभर जळून संपते, आणि उपग्रह दुपारी-रात्री दीडच्या आसपास वरून जातो. पहाटे चारला पेटलेलं गाव तोवर विझलेलं असू शकतं. ठिपका नाही म्हणून हल्ला खोटा ठरत नाही.

पुढची पायरी सेंटिनेल-२ हे युरोपीय उपग्रह. १० मीटरचं चित्र, दर पाच दिवसांनी. एक झोपडी ४-५ मीटरची, म्हणजे एका पिक्सेलपेक्षा लहान. सुटं घर दिसणार नाही, पण जळालेली आळी दिसते. हल्ल्याआधीचं आणि नंतरचं चित्र घ्या, बँड ८ आणि बँड १२ (अवरक्त प्रकाशाचे दोन पट्टे) मधला फरक भागिले त्यांची बेरीज, असं गुणोत्तर काढा आणि दोन तारखांमधली वजाबाकी करा. बँड १२ मुळात २० मीटरचा आहे, त्यामुळे कडा पुसट येतात. आणि जंगलातल्या वणव्यांसाठी ठरवलेल्या छापील मर्यादा इथे लावू नका. मातीचं अंगण आणि शाकारलेली छपरं यांचा मूळ प्रकाशच वेगळा असतो. शेजारच्या न जळलेल्या गावाशी तुलना करा.

नोव्हेंबर ते एप्रिल ढग. तेव्हा सेंटिनेल-१ चं रडार वापरायचं, पण डिसेंबर २०२१ मध्ये त्या जोडीतला एक उपग्रह बंद पडला, बदली उपग्रह डिसेंबर २०२४ मध्ये गेला. मधल्या तीन वर्षांत चित्रांत १२ दिवसांची फट सापडली तर तुमच्या डाउनलोडचा दोष समजू नका.

अजून एक फसवणूक: १५ डिसेंबर २०२४ ला चिडो चक्रीवादळ मेकुफीजवळ किनाऱ्यावर आलं. त्यानंतरच्या चित्रांत मेकुफी, मेटुजे, शिउरे भागात छपरं उडालेली गावंच गावं दिसतात. घर मोडलं हे चित्र सांगतं, कुणी मोडलं ते सांगत नाही.

कोकणकडा

वाखूण साठवली. अक्षांश-रेखांशांवर किती भरवसा ठेवायचा?

नकाशेवाला

स्थळ-अचूकतेचा रकाना बघितल्याशिवाय शून्य. १ म्हणजे नेमकं गाव, २ म्हणजे आसपासचा परिसर, ३ म्हणजे मोठा प्रदेश. 'मकोमिया जिल्ह्यात हल्ला' एवढीच बातमी असेल तर ठिपका जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणावर पडतो. असे सगळे ठिपके मिळून उष्णता-नकाशावर मकोमिया शहर भट्टीसारखं लाल दिसतं, आणि हल्ले प्रत्यक्षात पूर्वेला किनाऱ्याकडच्या वाड्यांवर झालेले असतात. उष्णता-नकाशा फक्त १ वाल्या ओळींचा करा. २ आणि ३ वाल्या जिल्हावार रंगवलेल्या नकाशावर टाका.

नावं जुळवताना: मोसिंबोआ दा प्राया किनाऱ्यावर आणि मोसिंबोआ दो रोवुमा तिथून आत, मुएदा जिल्ह्यात, तांझानियाच्या सीमेवर. बातमीत नुसतं 'मोसिंबोआ' आलं की थांबा. आवासेसारखी नावं तर तीन-चार प्रकारे लिहिली जातात. गावांचा वेगळा तक्ता करा, प्रत्येक गावाला संयुक्त राष्ट्रांच्या मानवतावादी विभागाचा पी-कोड (ठिकाणाचा ठरलेला क्रमांक) द्या, आणि जोडणी नावावर न करता कोडवर करा.

क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये अंतर मोजायच्या आधी प्रक्षेपण यूटीएम ३७ दक्षिण (ईपीएसजी ३२७३७) करा. अंशांत बफर (ठिकाणाभोवतीचं ठरावीक अंतराचं वर्तुळ) काढला तर '५० किमी'च्या जागी ५० अंश पडतात आणि वर्तुळ खंडाबाहेर जातं.

बाजारबुणगा

बफरवरून विचारतो. पाल्माजवळच्या आफुंजीच्या गॅस प्रकल्पात भारतीय कंपन्यांचा हिस्सा आहे ना? समभागधारकाने यातलं काय बघावं?

पाटीपेन्सिल

एरिया १, म्हणजे या प्रकल्पाच्या गॅसक्षेत्रात मिळून ३० टक्के: ओएनजीसी विदेश १६, बीपीसीएलची उपकंपनी भारत पेट्रोरिसोर्सेस १०, ऑइल इंडिया ४. टोटलएनर्जीज तिथे चालक कंपनी आहे. पाल्मानंतर एप्रिल २०२१ मध्ये फोर्स मेज्योर (आवाक्याबाहेरच्या कारणाने करारातली कामं थांबवण्याचं कलम) लावला, तो नोव्हेंबर २०२५ मध्ये उठला.

बघायचं एवढंच की प्रांताचा एकूण आकडा आणि प्रकल्पाभोवतालचा आकडा यांची गल्लत होऊ नये. आफुंजीभोवती २५, ५० आणि १०० किमीची वर्तुळं काढा आणि घटना वेगळ्या मोजा. रवांडाचं सैन्य पाल्मा-मोसिंबोआ पट्ट्यात बसल्यावर हिंसाचाराचा जोर दक्षिणेला सरकला: मकोमिया, किसांगा, आंकुआबे, शिउरे. आतल्या वर्तुळात शांतता आणि बाहेर होरपळ असं चित्र वर्षानुवर्षं राहू शकतं. 'परिस्थिती निवळली' असं कंपनी म्हणते तेव्हा ती आतल्या वर्तुळाबद्दल बोलत असते. पण मोसिंबोआही कायमचं सुटलेलं नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये शहरातच लोक मारले गेले. रस्त्यांचा वेगळा थर ठेवा. एन-३८० हा दक्षिणोत्तर रस्ता बंद पडला की माल समुद्रातून किंवा हवेतून आणावा लागतो, आणि त्याचा खर्च घटनांच्या संख्येत कुठेच दिसत नाही.

शेवग्याची शेंग

विस्थापितांचे आकडे कुणीच घेतले नाहीत अजून. जुलै २०२५ च्या शेवटी शिउरेत साधारण आठवडाभरात ४० हजारांच्या वर लोक गाव सोडून निघाले. मृतांच्या हिशोबाने तो आठवडा काही फार मोठा नव्हता. आठ-दहा सशस्त्र माणसं एका गावात दिसली की पुढची दहा गावं रिकामी होतात. मृत्यूंवरून क्रमवारी लावली तर शिउरे खाली राहतो.

हे आकडे आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेच्या डीटीएम या विस्थापितांच्या मोजणीत असतात, आणि तिथे दोन वेगळी मापं आहेत. तातडीच्या अहवालात हालचाल मोजतात: या आठवड्यात किती जण निघाले. मूळ पाहणीत साठा मोजतात: आज किती जण विस्थापित आहेत. पहिल्याची बेरीज करून दुसरा आकडा मिळत नाही, कारण एकच कुटुंब निघतं, परततं, पुन्हा निघतं. साठ्याचा आकडा २०२२ च्या अखेरीस १० लाखांच्या वर होता, त्यानंतर उतरला. पण 'परतले' म्हणजे घर मिळालं असंही नाही.

तिरकस

आता पटतंय थोडं. साहेललाही हीच पद्धत लागू का?

गावठी पायथन

निम्मी. तिथे जेएनआयएम (अल-कायदाशी जोडलेला गट) आणि इस्लामिक स्टेटची साहेल शाखा सरकारांशीही लढतात आणि आपसातही, त्यामुळे कोण कुणाविरुद्ध याचा तक्ता आधी बनवावा लागतो. त्यात नाकाबंदी हे त्यांचं मोठं हत्यार. सप्टेंबर २०२५ पासून जेएनआयएमने मालीत इंधनाची कोंडी केली, सेनेगल आणि कोत दिव्वारकडून येणारे टँकर जाळले. ऑक्टोबरअखेर देशभरातल्या शाळा दोन आठवडे बंद ठेवाव्या लागल्या. घटनासंचात हे म्हणजे टँकर-ताफ्यांवरचे काही हल्ले. बामाकोच्या पंपावरची रांग तिथे ओळ म्हणून येत नाही. ॲक्लेडच्या 'सामरिक घडामोडी' या प्रकारात अशा काही गोष्टी टिपतात, पण त्यांची नोंद सगळीकडे सारखी होत नाही, म्हणून देशादेशांत तुलना करायला तो प्रकार वापरू नये. नाकाबंदीसाठी वेगळी शीट: मार्ग, सुरू झाल्याची तारीख, कशावर बंदी, ताफे लष्करी संरक्षणात जातात का, बाजारभाव.

भारतीयांसाठी तो भाग दूरचा नाही. १ जुलै २०२५ ला पश्चिम मालीत एकाच दिवशी अनेक शहरांवर हल्ले झाले, त्यात काय्समधल्या सिमेंट कारखान्यातून तीन भारतीय कामगार पळवले गेले. त्या दिवसाच्या ओळी तारखेने गटबद्ध करून बघा. दिबोली, काय्स, नियोरो, नियोनो, सगळी ठिकाणं एकमेकांपासून शेकडो किलोमीटरवर आणि वेळ साधारण एकच. सुट्या ओळींत हा समन्वय दिसत नाही. त्यासाठी '२४ तासांत, तोच गट, तीन किंवा जास्त जिल्हे' असा एक झेंडा रकाना (अट जुळली की खूण) लावा.

कोकणकडा

काबो देलगादोत असा झेंडा कितीदा लागेल?

गावठी पायथन

आकडा तीनवर ठेवलात तर क्वचित. तिथे छोट्या टोळ्या फिरतात, एकाच टोळीच्या दोन-तीन दिवसांच्या वाटेवर गावं एकामागून एक येतात. तिथे झेंडा उलटा लावा: सलग घटनांमधलं अंतर भागिले दिवस. रोज १५-२० किमीच्या आत असेल तर बहुधा तीच टोळी पायी सरकतेय. एकदम ८० किमी आलं तर दुसरी टोळी, नाहीतर गाडी किंवा होडी. पावसाळ्यात मेसालो नदी फुगते तेव्हा हे गणित पुन्हा तपासा. नदीच्या अलीकडची आणि पलीकडची घटना नकाशावर दहा किलोमीटरवर दिसते, पण पायी पोचायला कित्येक दिवस लागू शकतात.